मावशीच्या बाजूची खिडकी

३ मार्च, मंगळवार

तिसऱ्यांदा जागा बदलली. तिसऱ्यांदा! दादाकडे जायचं जेमतेम सव्वा तासाचं विमान, आणि आईचा घोळ असा की जणू घर बांधायला जमीन बघतेय.

कारण काय, तर वाटेत मावशीचं गाव लागतं. तिथे गच्चीवर चादर पसरायची आणि आईने ती वरून बघायची! म्हटलं, "अगं, इतक्या उंचीवरून?" तर म्हणे, "तू लोकांचे दात बघ. हे माझ्यावर सोड."

मावशी गच्चीवर जाणार कशी, तेही कळत नाही. काका गेल्याला चौदा महिने झाले, ती खोलीबाहेर पडलेली नाही. ताटसुद्धा आत न्यावं लागतं. चादर पसरेल बिचारी सून, दुसरं कोण!

५ मार्च, गुरुवार

पेशंटच्या दाढेत सुई आणि आईचा फोन! घाईचं असेल म्हणून स्पीकरवर घेतला, तर — "दादा म्हणतो गाव डावीकडे. खात्री कर."

चूळ भरल्या भरल्या पेशंट म्हणाले, "डॉक्टर, उजवीकडे बसा. सकाळी डावीकडे ऊन येतं." अर्धा जबडा बधिर, पण सल्ला तयार!

७ मार्च, शनिवार

आईने आयुष्यभर लोकांचे पडदे शिवले, आता उरलेल्या कापडाची चादर शिवलीय. भडक नारिंगी. दोन खोल्या झाकतील एवढी! कुरियर करायला अर्थातच मी. सुट्टीची दुपार गेली.

९ मार्च, सोमवार

मिळालेली खिडकी डावीकडचीच निघाली, पण ती नेमकी पंखावर. "पंख बघायला चाललोय का आपण?" पुन्हा बदलली. चौथ्यांदा.

११ मार्च, बुधवार

रोज संध्याकाळी आईचा मावशीला फोन. तेच ते. "डावीकडून हं. नवाला दहा कमी. आधीच जाऊन बस, मला शोधायला लावू नकोस." ऐकून कान किटले.

१४ मार्च, शनिवार

झालं! वैमानिकाने सांगितलं, हवामानामुळे वाट थोडी बदललीय. गाव गेलं उजवीकडून. आमच्या बाजूला नुसते ढग. एवढा खटाटोप आणि हाती भोपळा!

आई मात्र काचेला नाक लावून बसलेली. नवाला दहा कमी झाले तसा तिने हात हलवला. ढगांना! मी म्हटलं, "आई, गाव त्या बाजूला राहिलं." "असू दे," म्हणाली आणि हात हलवतच राहिली. मला लाजल्यासारखं झालं.

कहर पुढेच. उतरल्या उतरल्या मावशीला फोन — "दिसलीस की गं! चादर काय उठून दिसत होती!" धडधडीत खोटं. माझं डोकंच फिरलं. हेच सांगायचं होतं तर घरी बसूनही सांगता आलं असतं. चार वेळा जागा कशाला बदलायला लावल्या? दिवसभर आईशी बोलले नाही.

१५ मार्च, रविवार

सकाळी मावशीच्या सुनेचा फोन. बोलता बोलता रडायलाच लागली. काल मावशी स्वतः जिना चढली. सात वाजल्यापासून गच्चीवर. चादरीच्या चार कोपऱ्यांवर चार विटा तिनेच ठेवल्या. विमान गेलं, तशी खाली आली आणि दुपारी सगळ्यांबरोबर स्वयंपाकघरात जेवायला बसली.

आईला सांगायला गेले. दादाकडच्या बाल्कनीत मटार सोलत होती. "किती वेळ थांबली गच्चीवर?" एवढंच विचारलं. मग डोळे पुसत म्हणाली, "इतक्या उंचीवरून कुठे काय दिसतं! एवढं मलाही कळतं गं."

मीही शेजारी बसले मटार सोलत.

१६ मार्च, सोमवार

परतीच्या जागा बदलल्या. मावशीला फोन मीच केला. "उजवीकडून हं मावशी, साडेचारला. आधीच जाऊन बस."