आठ पितळी बटणं

३ मार्च, सोमवार

आज तीन वेळा. पहिली सकाळी साडेनऊला, पाहुण्याला खोलीची चावी देताना. मानेपासून कानापर्यंत भट्टी पेटली — आणि अंगात गळ्यापर्यंत बंद लोकरीचा कोट, आठ पितळी बटणं, गळ्याला रुमाल, पायात दोन इंची टाचा. त्या गृहस्थाला वाटलं मी त्याला बघून लाजले! बिचारा खुशीत वर गेला.

संध्याकाळी डॉक्टरीणबाईंकडे. पाळी जायचे दिवस आहेत, म्हणाल्या, वर्ष-दोन वर्षं हे चालायचंच. सैल, सुती कपडे घालत जा. कुठे घालू? हॉटेलच्या स्वागतकक्षात तेवीस वर्षं उभी आहे. काउंटरमागे खुर्ची आहे, पण ती शोभेची. चिठ्ठी मात्र लिहून दिली त्यांनी, साहेबांना दाखवा म्हणून.

४ मार्च

रोजच्यासारखी तपासणी. कपड्यांच्या खोलीत मोठ्या आरशासमोर आम्ही चौदाजणी रांगेत, आणि इस्त्रीबाई प्रत्येकीचं प्रत्येक बटण नखाने ओढून बघणार. (आमच्या सुपरवायझर. नाव आम्ही ठेवलेलं. तोंडावर अर्थातच ‘मॅडम’.) सोळा वर्षं हेच चाललंय. तिच्या टाचा आमच्यापेक्षा बोटभर उंच, त्यामुळे सगळ्या सृष्टीकडे ती वरूनच बघते.

“पाहुणा आधी बटण बघतो, मग माणूस,” हे आजही झालंच.

तिला घाम येत नाही. घामाची सोय न करताच तिला पाठवलं असावं. दिवसातून दोनदा स्वयंपाकघराच्या कोल्ड रूममध्ये जाऊन भाज्या मोजते म्हणे — ते तिचं काम नव्हे, पण कोबीसुद्धा हिच्या नजरेखालून जायला हवा!

७ मार्च

पाच वेळा. रुमाल पिळता आला असता.

११ मार्च, मंगळवार

चिठ्ठी घेऊन नव्या साहेबांकडे गेले. वय बत्तीस, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट — आम्हाला टाचा आणि साहेबांना कॅनव्हास. मुलगा चांगला आहे पण. बसा म्हणाला, बोला म्हणाला. मी बसले. टेबलावरच्या फुलांची तारीफ केली आणि उठून आले!

एक शब्द. एवढ्या पाहुण्यांना नको नको ते शांतपणे समजावलंय मी, तुमच्या कार्डावर पैसे नाहीत हेसुद्धा त्यांच्या सासूसमोर. पण पोराच्या वयाच्या साहेबासमोर ‘रजोनिवृत्ती’ हा शब्द जिभेवर येईना.

दुपारी राजीनामाच लिहिला. दोन ओळी. कारण — घरगुती. सही केली, तारीख मोकळी सोडली, कोटाच्या आतल्या खिशात ठेवला. नोकरी सोडणं सोपं, शब्द उच्चारणं अवघड. शाबास!

काम मला आवडतं, हीच खरी अडचण. कोणाला रस्त्याकडची खोली चालत नाही, कोणाला उशी कडक लागते, सगळं डोक्यात आहे. ते घरी आणून करू काय? नवऱ्याची उशी गेली पंचवीस वर्षं एकच आहे.

१३ मार्च

लेकीचं ऑफिस तिच्या खोलीतच. आज सकाळी सरबत द्यायला गेले. पडद्यावर दिसणारी ही बाई कडक कॉलरच्या शर्टात, गंभीर. टेबलाखाली बदकांचं चित्र असलेला पायजमा. कमरेच्या वर नोकरी, खाली सुट्टी! मला म्हणाली, आई, तू काउंटरच्या मागेच असतेस ना, तुझ्या टाचा बघतं कोण?

इस्त्रीबाई बघते गं.

१७ मार्च, सोमवार

परिपत्रक!! तीनदा वाचलं. कोट बंद. रुमाल बंद. टाचा बंद. हलक्या रंगाचा सुती शर्ट, सपाट बूट, आणि — डोळे चोळून वाचलं — ‘काउंटरमागे खुर्चीचा वापर करावा.’

इस्त्रीबाईंनीच वाचून दाखवलं. मला वाटलं, घरातलं कोणी गेल्यासारखं वाचतील. पण धोब्याची यादी वाचावी तसं वाचलं आणि कागदाची घडी घातली. साहेब म्हणाले, एक अर्ज आला होता, मुद्देसूद होता, मी फक्त सही केली. कोणाचा ते सांगेनात. नाव न घेण्याच्या अटीवर आलाय म्हणे. जी कोण असेल तिच्या तोंडात साखर पडो!

घरी येऊन पंख्याखाली नुसती बसून होते. नवरा म्हणाला, काय झालं? म्हटलं, काही नाही. पहिल्यांदाच खरोखर काही नाही.

१८ मार्च

कोट जमा केला. हॉटेलच्या शिंपीदादांनी चौदा कोटांची चळत लावली. त्यावरच बसून ते चहा प्याले.

सुती शर्टातला पहिला दिवस. अकराला भट्टी आली. मी खुर्चीत बसले, पाणी प्याले. तीही थोडा वेळ बसली आणि गेली, आरक्षण नसलेल्या पाहुण्यासारखी. चेहऱ्यावरून ओघळ नाही, काही नाही. आज पाहुण्यांसमोर हसले ते खरं हसू होतं.

१९ मार्च

दात घासताना आठवलं. राजीनामा! कोटाच्या आतल्या खिशात!

धावत कपड्यांच्या खोलीत. शिंपीदादा म्हणाले, कोट कालच गेले, बाई. आणि खिसे? ते मॅडमनी स्वतः झाडले, एकूणएक.

सही केलेला राजीनामा, तारीख मोकळी — कोणीही भरावी! आणि तो कोणाच्या हातात, तर इस्त्रीबाईंच्या. जिला सैल बटण सहन होत नाही, ती तेवीस वर्षं वापरून सैल झालेली बाई ठेवेल? आठवड्यापूर्वी निदान सुटका झाली असती. आता तर खुर्ची मिळाली होती.

तिच्या दारापर्यंत दोनदा गेले. ती कोल्ड रूममध्ये होती.

२० मार्च

दिवसभर इस्त्रीबाई समोरून ये-जा करत होत्या. नजर नेहमीची. निघताना मात्र हाक आली. “खिसे रिकामे करून कपडे द्यायचे असतात, एवढं कळत नाही? उद्या तपासणीच्या दहा मिनिटं आधी या.”

जेवण गेलं नाही. लेक म्हणाली, मी बोलू का तुझ्या मॅडमशी? म्हटलं, पायजमा घालून?

२१ मार्च, शुक्रवार

लिफाफा हातात ठेवला आणि आरसा पुसायला लागल्या. आत माझा राजीनामा, दोन तुकडे केलेला. त्याला टाचलेला दुसरा, चार वर्षांपूर्वीचा, कडेला पिवळट. अक्षर त्यांचं. कारण — घरगुती. मागच्या बाजूला ताज्या शाईत: ‘मीही दिला नाही. या वेळी राजीनाम्याऐवजी अर्ज लिहिला.’

भाज्या मोजायला जायच्या म्हणे!

मग रांग लागली. मॅडमच्या पायात सपाट बूट. माझ्या जेमतेम कानापर्यंत येतात.