रेघेपुढची रिकामी जागा

गुरुवार, ऑगस्ट २००३

आज दिवसभर सगळ्यांवर नुसती खेकसत होते. कॉलेजच्या ग्रंथालयात छापील नियतकालिकं बंद करायचं ठरलंय. साहेब म्हणाले, कॉम्प्युटरवर प्रत्येकाचं शेवटचं वर्ष टाका, बांधलेल्या खंडांना बारकोड चिकटवा, विषय संपला. चालू नियतकालिकाच्या नोंदीत सुरुवातीचं वर्ष असतं, मग आडवी रेघ आणि पुढे रिकामी जागा. म्हणजे अंक अजून येतायत. दुपारपर्यंत सगळ्या रिकाम्या जागा भरल्या. एक सोडून.

ते वनस्पतिशास्त्राचं त्रैमासिक फक्त जोशी सर वाचतात. निवृत्त झाले तरी दर गुरुवारी इंदिरानगरहून स्कूटरवर येतात. आजही काउंटरपाशी आलेच. "मॅडम, आला का अंक?"

"पोस्टात अडकला असेल, सर." असं का म्हटलं मी? सरळ सांगायला काय झालं होतं?

सर हसले. "रॅकवरची नावाची पट्टी काढलीत, मघाशीच पाहिलं. पण बंद झालं असं तुम्ही तोंडाने म्हणालात, तर मी गुरुवारी जाऊ कुठे?" आणि मी सकाळीच बारकोड लावलेला जुना खंड घेऊन सर खिडकीशी बसले.

संध्याकाळी मी रेघ तशीच ठेवून कॉम्प्युटर बंद केला. जेवतानाही ती रेघच डोळ्यांपुढे. असल्या गोष्टीसाठी बोलणी खायची का? उद्या साहेब विचारणारच, हे एकच का उघडं ठेवलंत?

सांगेन, अंक पोस्टात अडकलाय.