न झालेला तह

बाबा, शारजातल्या आपल्या स्वयंपाकघरातलं ते घडीचं टेबल आठवतं तुम्हाला? दहावीत शाळेच्या नाटुकल्यात मी अमेरिकेतली बंडखोर होते, आणि घरच्या तालमीत तुम्ही इंग्रजांचे आरमारप्रमुख. दुबईतल्या अल क्वोजच्या गोदामातून यायला तुम्हाला ट्रॅफिकमध्ये दोन तास लागायचे, तरी बूट काढून लगेच रुबाबात बसायचात. बंडखोरांचे तिघं तहाची बोलणी करायला बेटावर यायचे असतात. ते सुखरूप परततील याची हमी म्हणून आरमारप्रमुख आपला एक अधिकारी त्यांच्याकडे ओलीस पाठवतो. ते त्यालाही सोबत परत घेऊन येतात. तुमचा शब्द पुरे, असं सांगायला. मग मांस, वाइन, अगदी शाही जेवण. "शारजात कुठली वाइन? कोकम घ्या," असं आई म्हणायची आणि तुम्ही तिला सलाम ठोकायचात. "आधी स्वातंत्र्याचा जाहीरनामा मागे घ्या, मग बोलू," हे तुमचं वाक्य. "ते आता शक्य नाही," हे माझं. खलास. जेवण होतं, तह होत नाही.

दोन वर्षांनी आपण त्याच टेबलाशी बसलोय. मला पुण्याला जाऊन इतिहास शिकायचाय. तुमचं म्हणणं, इथेच कॉम्प्युटर शीक, घरी राहा. आईनं मुद्दाम सुरमई तळलीये. तुम्ही उठता, कपाटातून माझा पासपोर्ट आणता आणि माझ्या ताटाशेजारी ठेवता.

"हा तुझ्याकडेच ठेव. मी अडवणार नाही. पण तो पुण्याच्या कॉलेजचा अर्ज आधी मागे घे, मग बोलू."

"इट्स गॉन, बाबा. कालच पोस्ट केला."

"अहो, मासा गार होतोय," आई म्हणते. तुम्ही काटे काढत राहता, माझ्याही तुकडीतले.

मी पुण्याला आले. दर शुक्रवारी तुमचा फोन यायचा, आपण उन्हाळ्याविषयी बोलायचो. तिसऱ्या वर्षी तुम्ही गेलात. आता मी वर्गात ती फसलेली बोलणी शिकवते. मुलं विचारतात, चूक कुणाची? मी सांगते, दोघांनाही मागे फिरता येत नव्हतं.

हे पत्र मी त्या जुन्या पासपोर्टात घडी करून ठेवणार आहे, म्हणून लिहायला धीर होतोय. बाबा, मला मागे फिरता येत होतं. तुम्ही पासपोर्ट पुढे ठेवलात तेव्हा अर्ज टेबलाखाली, माझ्या दप्तरातच होता. दुसऱ्या दिवशी, तुम्ही कामावर गेल्यावर, मी तो पोस्टाच्या पेटीत टाकला.