बाबांचा पाय आणि लाल औषध

३ एप्रिल
पोचलो एकदाचे एन्शीच्या डोंगरावर! दवाखाना टुमदार आहे, खिडकीतून चहाचे मळे दिसतात. यिचांग शहरातल्या डॉक्टरांनी बाबांचा मधुमेहानं काळवंडलेला पाय कापायलाच सांगितला होता. इथले डॉ. छिन म्हणतात, साखर उतरवू, पाय वाचवू. त्यांच्या प्रयोगातले बारावे रोगी बाबा, आणि नोंदी ठेवणारी नर्स मी. औषध म्हणजे सेलेनियम या खनिजाचे डोळ्यांना न दिसणारे कण. बाटलीत लालभडक दिसतात. स्वयंपाकीण थान मावशी म्हणाल्या, "अगं पोरी, आमच्या मातीतच आहे ते! मका, अंडी, चहा, सगळ्यात. बाहेरचे लोक दुप्पट भावानं नेतात." बाबांनी लगेच तीन पेले चहा रिचवला.

११ एप्रिल
साखर सोळावरून आठवर! (या मापात निरोगी माणसाची पाच-सहा.) अंगठा गुलाबी होतोय. मला रडूच आलं. बाबांच्या तोंडाला मात्र लसणाचा उग्र वास येतो. पथ्य मोडलं म्हणून मी थान मावशींवर डाफरले. त्या शपथेवर सांगतात, महिनाभरात स्वयंपाकघरात लसणाची पाकळी आलेली नाही.

१९ एप्रिल
वास बाराही रोग्यांच्या तोंडाला येतो. उशांवर केसांचे पुंजके. पुस्तकात शोधलं, दोन्ही अंगात सेलेनियम जास्त झाल्याची लक्षणं. डॉ. छिनना विचारलं, औषधाचं प्रमाण कुणी ठरवलं? म्हणाले, शहरात ठरलं, शहरातल्या माणसांवर. मग इथल्या मक्यातलं, चहातलं, पाण्यातलं सेलेनियम कुणी मोजलं? ते हसले. तक्त्यात रकाना साखरेचा आहे म्हणे, केसांचा नाही. यांची अक्कल कुठे चरायला गेली आहे? आणि माझी? बाबांना इथे मीच आणलं.

२३ एप्रिल
आजचा डोस मोरीत ओतला. बाबा भडकले. "नख पुन्हा उगवतं, पाय उगवतो का गं?"
नख? चादर उचलली. हातांची दहाही बोटं बिननखांची—

२५ एप्रिल
गाडी आणली. बाबांनी त्या बोटांनी खाटेचा कठडा धरून ठेवला. इथून नेलंस तर पाय कापतील, म्हणाले. माझ्या नकळत शेजाऱ्यांच्या बाटल्याही मागून प्यायले होते. शेवटी स्वतःच उठायला गेले आणि— पाय गुलाबी, धडधाकट. हलत नाही. गाडीवाला घाबरून निघून गेला.

२६ एप्रिल
काल गुडघे लुळे पडले, आज कंबर. तीन खाटा रिकाम्या. कुणी विचारत नाही. साखर ५.२.

२७ एप्रिल
मोठ्या इस्पितळाची गाडी संध्याकाळी येईल. संध्याकाळी!
साखर ४.९. निरोगी माणसाची. डॉ. छिन बाबांच्या उशाशी उभे, लिही म्हणतात, पाय वाचला. लिहिते आहे. पाय वाचला. बाबा माझ्याकडे बघतायत, काहीतरी सांगायचंय, तोंड उघडं, पण छाती— बाबा, छाती हलत ना—