कोरड्या भिंतीवरचा सॉकेट

गुरुवार, ता. ९

प्रिय दादा,

नमस्कार. आम्ही दोघी बऱ्या आहोत. पत्रात हे लिहायचंच असतं, म्हणून आधीच लिहून मोकळी झाले. फोन का केला नाही म्हणशील, तर फोनवर तू मध्ये बोलतोस. कागदावर ती सोय नाही.

दुकान ठीक चाललंय. लोकांचे दात पडणं अजून थांबलेलं नाही, तोवर आपल्या कवळ्यांना मरण नाही. या सोमवारी मात्र हेडमास्तरांची कवळी फुटली. बेसिनपाशी आईच्या हातून पडली. मास्तर म्हणाले, "असू द्या वहिनी, तोवर गप्प बसतो." त्यांच्या बायकोनं जाता जाता माझा हात दाबला आणि हळूच म्हणाली, "नवी करायची घाई नाही हं."

वय झालं, हात थरथरतो, असं तू म्हणशील. थरथरत नाही. मेणात दात बसवताना आईचा हात अजूनही माझ्यापेक्षा स्थिर असतो. हे मुद्दाम लिहितेय, पुढे लागेल.

मागे वायरमन आला होता, आठवतंय? बेसिनला चिकटून जो सॉकेट आहे, ज्यावर आपलं साचे उकळायचं भांडं चालतं, तो बघून त्यानं कपाळाला हात लावला. "नळ इथं, करंट इथं, मध्ये टीचभर जागा. ताई, हा बंद करा आणि समोरच्या कोरड्या भिंतीवरचा वापरा." कोरड्या भिंतीवर बाबांचा फोटो, आणि त्या सॉकेटवर त्यांच्या फोटोचा दिवा. मग नवी लाइन ओढायची म्हणून तुला फोन लावला. तू म्हणालास, "गाळा विकायचाच आहे, आता भिंती कशाला फोडता? आणि बाबांच्या दिव्याला कुणी हात लावायचा नाही." मी निरोप सांगायला वळले, तर वायरमन म्हणाला, "राहू द्या ताई, साहेबांचा आवाज मोठा आहे."

मग मी सॉकेटवर चिठ्ठी चिकटवली: ओल्या हाताने स्पर्श करू नये. ज्या दुकानात दिवसभर कुणाचा हात कोरडा नसतो, तिथे! चिठ्ठीलाच लाज वाटली असावी. वाफेनं सुटून बेसिनमध्ये पडली.

तो दिवा तू लावलास आणि गेलास. आम्ही तो जपला. दर रविवारी व्हिडिओवर तुझा पहिला प्रश्न दिव्याचा, दुसरा गाळ्याला गिऱ्हाईक आलं का हा. आईचा नंबर येईपर्यंत तुझं नेटवर्क जातं.

दमलेय रे. पूर्वी तुझ्याशी उभ्यानं भांडायचे, आता त्यासाठीही खुर्ची लागते. सकाळी शटर उघडायचं, प्लास्टर कालवायचं, लोकांची हसू घासून चकचकीत करायची, आणि घरी जाताना आपलं तोंड पाडून जायचं. आईला म्हटलं, तू घरी बस. म्हणते, "घरी बसून काय करू? भिंतीला दात बसवू?"

बरं. लांबण लावतेय, कळतंय मला.

कवळी आईच्या हातून पडली नाही. उडाली. ती बेसिनपाशी कवळी धूत होती, तेवढ्यात भांडं उतू जायला लागलं, म्हणून तिनं ओल्याच हातानं प्लग ओढला. मी पॉलिशच्या मोटरवर दात घासत होते. त्या घरघरीत मला काहीच ऐकू आलं नाही. कवळी माझ्या पायाशी येऊन आपटली, तेव्हा वळले. आई भिंतीला टेकून खाली बसली होती, उजवा हात छातीशी धरून. मला बघून म्हणाली, "दादाला सांगू नकोस. तो दुकान बंद करील."

डॉक्टरांनी तपासलं. छाती ठीक आहे, बोटांना अजून मुंग्या येतात. तुला सांगायचं नाही असं वचनही घेतलं तिनं. मी पाळलंही असतं. पण येत्या रविवारी तुला फोटो अंधारात दिसेल, आणि तू तिच्यावर ओरडशील.

कारण दिवा तिनंच काढला. दुसऱ्या दिवशी दुकानात आली, टॉवेलला हात पुसले, पुन्हा पुसले, आणि फोटोसमोर उभी राहून बाबांना म्हणाली, "रिकाम्या खोलीत बल्ब दिसला की घर डोक्यावर घ्यायचात. आता स्वतःचा दिवसाढवळ्या जळतोय, त्याचं काय?" प्लग काढला, भांड्याचा लावला. बाबा हसतच होते. स्वतःच्या हातची कवळी घालून काढलेला फोटो तो, दुसरं काय करणार?

वायरमनला मी परत बोलावलं. बेसिनजवळच्या सॉकेटची वायर त्यानं तोडली, वर कोरं झाकण बसवलं, आणि करंट गळला की आपोआप बंद पडणारं स्विच बोर्डात घातलं. तुला विचारलं नाही. भांड्यात पाणी आता मी तांब्यानं नेऊन ओतते.

रविवारी फोन कर. दिव्यावरून ओरडायचं असेल तर माझ्यावर ओरड, मला सवय आहे. गाळ्याचं बोलायचं असेल तर तेही बोल, पण त्याआधी आईला म्हण, हात दाखव.

ती डावा दाखवील. तू उजवा माग.

हात पुसून लिहिणारी,
तुझी नकटी