हरकत मुलीचीच आहे

मी, रत्नमाला इंद्रजीत पारधे, वय बहात्तर, धर्म ख्रिस्ती, व्यवसाय शिवणकाम, राहणार छावणी, छत्रपती संभाजीनगर, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय हे मृत्युपत्र करीत आहे. दबावाखाली यायची मला सवय नाही, हे पुढे कळेलच.

१. घराच्या मागच्या तीन खोल्या माझा मुलगा विश्वजित याला द्याव्यात. त्याच्या वडिलांनी चिकलठाण्याच्या कारखान्यात एकतीस वर्षं राबून हे घर बांधलं. बँकेत उरलेली माझी ठेव माझ्या दफनविधीसाठी आहे. त्या वेळी बँड लावू नये, मला तो कधीच आवडला नाही.

२. पुढची खोली, तिचा रस्त्याकडचा दरवाजा, शिलाई मशीन आणि मोठी कात्री माझी नात अपेक्षा हिला द्यावी. तिचं लग्न झालं तरी, न झालं तरी आणि ठरलेलं मोडलं तरी.

३. माझं बायबलही अपेक्षालाच. ते १९७६ साली माझ्या साखरपुड्यात लासूर स्टेशन गावच्या मुलाकडून आलं. पहिल्या पानावर आमची दोघांची नावं होती. लग्नाला पाच आठवडे होते. तेवढ्यात तो तीनदा भेटायला आला. नोकरी कुठे करणार, राहायचं कुठे, माझी मशीन सोबत आणू का, असं मी विचारलं. प्रत्येक वेळी म्हणाला, "बाबा सांगतील." मुलगा वाईट नव्हता. पण साखरपुडा म्हणजे देवासमोर दिलेला शब्द, आणि ज्याला स्वतःचा शब्दच नाही त्याला मी माझा कसा देणार?

आमच्याकडे लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये दोघांची नावं वाचतात आणि कोणाची हरकत आहे का, असं विचारतात. तिसऱ्या रविवारी पाळकांनी विचारलं तेव्हा मी उठून म्हणाले, "हरकत मुलीचीच आहे." आईने पदर तोंडाला लावला. मला आजही त्या सकाळचा अभिमान वाटतो.

अंगठी मी परत केली. नाव लिहिलेलं बायबल त्यांनी घेतलं नाही. चार वर्षांनी इंद्रजीत आला आणि म्हणाला, "तुला काय इचारायचं ते मलाच इचार." नवीन बायबल आणू नको, असं मीच सांगितलं. त्याने जुन्या नावावर एक रेघ ओढली आणि खाली आपलं नाव लिहिलं. पान फाडलं नाही. असा माणूस मला मिळाला.

४. विश्वजितला अपेक्षाचा साखरपुडा सकाळी आणि लग्न त्याच संध्याकाळी एकाच हॉलमध्ये उरकायचं आहे. पोरगी परवा माझ्याजवळ येऊन म्हणाली, "आजी, मला थोडा वेळ पायजे. पण पप्पांना कसं सांगू?" तिच्या वतीने मी सांगते. साखरपुडा आणि लग्न यांमधले दिवस पत्रिका वाटण्यासाठी नसतात, माणूस ओळखण्यासाठी असतात. ते दिवस तिचे आहेत. मृत्युपत्र मेल्यावर वाचायचं असतं हे मला ठाऊक आहे, पण हे कलम मी विश्वजितला आज जेवायच्या आधीच वाचून दाखवणार आहे.

५. नणंद कडूबाई हिला काही नाही. "मोडक्या साखरपुड्याची पोरगी" असं तिने मला पंचेचाळीस वर्षं ऐकवलं. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, असं वकील म्हणाले, म्हणून तिला मुद्दाम साक्षीला बोलावलं आहे.

सहीआधी मी सगळं मोठ्याने वाचलं. कडूबाईने पेन हातात घेतला आणि बसल्या जागी परत खाली ठेवला. मग म्हणाली, "त्या रैवारी मी बी चर्चमधी व्हते, रत्ना. माझ्या लग्नाच्या वेळंला मला बी उभं राहायचं व्हतं. पाय उचललाच नाय." नंतर तिने सही केली.

कलम ५ वर मी एक रेघ ओढली आहे. पान फाडलेलं नाही. खोडल्या जागी माझी सही आहे.

ठिकाण: छत्रपती संभाजीनगर
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५
मृत्युपत्र करणार: रत्नमाला इंद्रजीत पारधे
साक्षीदार: १. मधुसूदन साळवे, शेजारी
२. कडूबाई भालेराव, नणंद. आज उभं राहून सही केली.