कालवनाला चव नाय

५ जानेवारी
खानावळीत गॅस गळत होता. मी शेगडीपाशीच उभी, पापलेटाला मसाला लावत. काही कळलं नाही. नवरा, संतोष, ट्रेलर बाहेर लावून जेवायला आला, धावत जाऊन रेग्युलेटर बंद केला. गिऱ्हाइकांसमोर ओरडला, "नाक कुठं ठेवून आलीस?" सर्दी आहे म्हटलं.
सर्दी नाही. गेल्या वर्षापासून वासच येत नाही. मासळी ताजी की शिळी ते कल्ल्यांच्या रंगावर ठरवते. कोळ्याची मुलगी मी. नवऱ्याला कुठल्या तोंडाने सांगू.

१२ जानेवारी
दादाला घेऊन डॉ.कडे. वहिनी होती. दादाचा उजवा हात आता खिशातसुद्धा थांबत नाही. कंपवात. बाबांना होता तोच. डॉ.नी हाताचं थोडं आणि बाकीचंच जास्त विचारलं. वास येतो का, पोट साफ होतं का, झोपेत हातपाय झाडता का, मन उदास असतं का.
दादा हसला. "सगलं हाय डॉक्टर. हात थरथरायच्या आधीपासून हाय."
मी बाजूच्या खुर्चीत. प्रत्येक प्रश्नाला मनात हो म्हणत. हात मांडीवर ठेवून पाहिले. स्थिर होते.
डॉ. म्हणाले, घराण्यात दिसतोय, दादाच्या रक्तातून जनुकांची तपासणी करू. सापडलं तर भावंडांचीही करता येईल, ज्यांना हवी त्यांची. दोष असला तरी रोग होतोच असं नाही. वास तर कितीतरी कारणांनी जातो.
ते शेवटचं वाक्य घट्ट धरून घरी आले.

१३ जानेवारी
हात थरथरायला लागायच्या कितीतरी वर्षं आधी बाबा ताट भिरकवायचे. "कालवनाला चव नाय." आई मीठ वाढवायची, मग मिरची. आम्ही पोरं पाण्याबरोबर घास गिळायचो. एकदा पाहुण्यांसमोर म्हणाले, हिला मासली रांधता येत नाय. पुढे बोलणंच बंद, भिंतीकडे तोंड करून बसायचे. लोक म्हणाले, बायकोला विटलाय. आईनेही तेच खरं मानलं.
तिच्या हातचं शिकले, त्यावर माझी खानावळ चालते.

२१ जानेवारी
उरणला गेले. आई ओट्यावर जवळा निवडत होती. सांगून टाकलं, बाबांना वास येत नव्हता, म्हणून चव लागत नव्हती. आजारच तो.
निवडलेलंच परत निवडायला लागली. मग म्हणाली, "त्याला तरी म्हाईत होतं का?"
"नाय, आई."
"मंग बरा मेला. मी जितीजागती कुनाला इचारू आता?"
रडली नाही. वाटलं होतं, तिला हलकं वाटेल. उलट भांडायला जो माणूस होता तोही मी काढून घेतला.
निघताना विचारलं, "तुला येतो ना गो वास?" येतो म्हटलं.

९ फेब्रुवारी
संतोषचा ओठ सुजलाय. झोपेत मी हात मारला. स्वप्नात कुणीतरी मागे लागलं होतं एवढंच आठवतं. तो म्हणाला, "तू हल्ली हसत नाहीस, आणि झोपेत मारतेस." मस्करीत. मलाही हसता आलं असतं तर बरं.
दादाचा रिपोर्ट आला. घराण्यातलाच आहे. डॉ.नी मला भेटायला सांगितलंय, बळजबरी नाही.
वहिनीचा फोन. "ताई, आत्ता काय तपासू नका. पूजाचं जमतंय. तुमचं कळलं की गावभर होईल." दादाचं तिने संधिवात म्हणून सांगितलंय. नवऱ्याचा आजार लपवून लेकीचं लग्न. मी तिला वाईट म्हणू शकत नाही, याचाच राग येतो.

१५ फेब्रुवारी
विचुंब्याला दादाच्या घरी मुलाकडचे आले. स्वयंपाक माझ्याकडे. सुरमई, कोळंबीचं कालवण. मीठमसाला हाताच्या अंदाजाने घातला. सगळ्यांनी दोनदा वाढून घेतलं. मला कोमट पाणी गिळल्यासारखं.
दादा हात मांडीखाली दाबून बसला होता. चेहऱ्यावर रेषसुद्धा हलत नव्हती. मुलाची आई म्हणाली, "किती शांत मानूस." वहिनीने मान डोलावली. माझा दादा, जो लग्नाच्या वरातीत बेंजोवाल्यांना दमवायचा.

१८ फेब्रुवारी
पूजा कॉलेजातून सरळ खानावळीत. सगळं इंटरनेटवर वाचून आलेली. वहिनीला वाटतं तिला काही कळत नाही. "आत्या, मी त्याला सांगणार. नंतर कळून त्याने मला टाकलं तर?"
आईला विचार म्हटलं. म्हणाली, "आईला विचारलं तर ती रडते. मग मीच तिला गप्प करते."

२२ फेब्रुवारी
पूजाने मुलाला सांगितलं. कोन गावाजवळच्या धाब्यावर चहा पिताना. मुलगा उठून गेला नाही, होही म्हणाला नाही. घरी बोलतो म्हणाला. वहिनीने मला फोन करून एवढंच विचारलं, "तुमीच शिकवलंत ना?" आणि ठेवला. मी शिकवलं नव्हतं. तेवढीही हिंमत माझ्यात नव्हती.
दुपारची गर्दी ओसरल्यावर पूजा आली. मुलाने एकच विचारलंय: वडलांना आहे, तर आत्याला पण आहे का.
"काय सांगू त्याला?"
मी भाकरी उलटत होते. संतोष समोर बसून जेवत होता. त्याचा घास थांबला.
"बघू. उद्या सांगते."
"डॉक्टरकडे चला म्हटलं की पप्पापण हेच म्हणायचे," पूजा म्हणाली, आणि ओढणी सावरून तिथेच संतोषच्या शेजारी बसली.